एमबीत चढलं तरच काम झालं

अकोल्याच्या जुन्या शहरात असदगडाच्या दहीहांडा वेशीवरचा लेख किल्ला औरंगजेबाच्या राज्यात, असदखान वजीर असताना बांधल्याचं सांगतो. अगर वेशीवरचा मराठी लेख म्हणतो, किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३ मध्ये बांधला. नावं दोन्हीकडे आहेत. नवं काम किती आणि डागडुजी किती, ते कुठेच नाही. आज वेशीपुढे साधी नाली झाली तरी नाव फलकावर जातं आणि माप एका वहीत. ही वही मेजरमेंट बुक, कंत्राटदारांच्या तोंडची एमबी.

तिचं कूळ सार्वजनिक बांधकाम खात्याचं, म्हणजे पी.डब्ल्यू.डी.चं. १८५३ मध्ये निजामाने अकोल्यासह वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि वर्षा-दोन वर्षांत गव्हर्नर जनरल डलहौसीने लष्करी मंडळाकडची बांधकामं काढून घेऊन हे खातं उभारलं. काम गावोगावी, तिजोरी दूर. ज्याने रस्ता पाहिलाच नाही त्या हिशेबनिसाने देयक तपासायचं. म्हणून वहीचा अविश्वास दोघांवरही: कंत्राटदारावर आणि सरकारच्या इंजिनिअरवर. पानांना छापील क्रमांक. एकही फाडायचं नाही. नोंद शाईने. चूक खोडून काढायची नाही, रेघ मारून सही करायची. काही मापं वरचा अधिकारी पुन्हा घेतो. बिल निघालं की नोंदींवर लाल रेघ, म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा बिलात शिरत नाही.

पण माप म्हणजे मजबुती नव्हे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेचे रूळ अकोल्यावरून नागपूरला पोचले आणि त्याच वर्षी बोर घाटातला तिचा एक दगडी पूल कोसळला. दोष निघाला निकृष्ट दगडकामाचा. लांबी-रुंदी-उंचीत भिंतीच्या पोटातला चुना दिसत नाही.

म्हणून एमबीच्या जोडीला पुढे दुसरे पहारेकरी आले. काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. उशिराला दंड असतो. काम संपल्यावरही दोषदायित्वाच्या मुदतीत निघालेली खोट कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची. नाहीतर सुरक्षा ठेव अडकते.

हे सगळं लागतं, कारण निविदा फार ‘बिलो’, म्हणजे अंदाजित दराच्या खूप खाली गेली की तूट भरून काढायच्या सोप्या वाटा दोनच: माप फुगवा किंवा माल हलका वापरा. पहिल्या वाटेवर एमबी उभी आहे, दुसरीवर प्रयोगशाळा. दोन्हींवर नजर ठेवायचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकालाही दिला: नोंदींची प्रत मागता येते, काम पाहता येतं आणि मालाचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. नालीवर फरशी बसण्याआधी तो हक्क वापरलेला बरा.