बरणीचं कूळ

सोलापुरात लोणचं मराठी घरी बरणीत असतं, शेजारच्या कन्नड घरी भरणीत, आणि पूर्व भागातल्या तेलुगू विणकराकडे जाडीत. भांडं एकच: खाली पांढरं, खांद्यापासून वर तपकिरी-पिवळं. ‘भरणे’वरून भरणी हे कानाला पटतं खरं, पण अरबीत ‘बर्निय्या’ म्हणजे मातीची बरणीच, आणि मला तोच धागा बळकट वाटतो. मल्याळीत तर ती चीनभरणी, पत्ता नावातच.

हिचं थोरलं भावंड मर्तबान. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून जे झिलईचे रांजण जहाजांवर चढत, त्यांना बंदराचंच नाव चिकटलं. त्यांतले काही तिथलेच, बाकीचे दक्षिण चीनच्या भट्ट्यांतले. खांद्यावर झाकण बांधायला कान. 14व्या शतकात इब्न बतूताला प्रवासाची शिदोरी म्हणून चार मर्तबानं मिळाली, त्यांत आलं, मिरी, लिंबू आणि आंबा खारवून भरलेला! लोणच्याची गाठ तेव्हाच पडलेली दिसते.

चीनमध्ये मात्र अशा रांजणांचा मान मद्याचा. शाओशिंगला तांदळाची दारू भरून तोंडाला कमळाची पानं बांधायची, वर माती लिंपायची. मुलगी झाली की रांजण पुरायचा, तिच्या लग्नात उकरायचा. आपल्याकडे तोंडाला दादरा बांधतात आणि लेकीच्या रुखवतात लोणच्याची बरणी मांडतात. दारू तेवढी वाटेत सांडली.

हेच भांडं निवडण्याचं कारण दोन्हीकडे एकच. बाराशे-तेराशे अंशांवर भाजलेली माती आणि तिच्यावरची काच आंबट-खारट सोसते. पितळेला कल्हई लागते, साधं मडकं पाझरतं.

सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर. तिथे गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातल्या संग्रहालयात चिनी भांडी काचेआड आहेत. दरबारी माल तो. फडताळात पोचली ती देशी बरणी. सौराष्ट्रात परशुराम गणपुले या मराठी माणसाने उभारलेल्या पॉटरीसारख्या कारखान्यांनी ती घरोघर नेली.

हल्ली जुन्या बरण्या दिवाणखान्यात सजतात. संग्राहक तळाचा शिक्का बघतो, झिलईचे ओघळ बघतो. आमच्याकडच्या बायका टिचकी मारतात. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली की आत तडा आहे, तेल झिरपणार.