गाडीच्या दारातलं किल्लीचं भोक

गाडी जुनी, पण सेंट्रल लॉकिंगवाली. महिनाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका जागी उभी. मालक रिमोट दाबतो आणि गाडी ढिम्म. बॅटरी बसलेली. ती चार्ज करायची तर बॉनेट उघडायला हवं; बॉनेटचा खटका गाडीच्या आत, स्टिअरिंगखाली; आणि आत जायचं दार बॅटरीच्याच जिवावर. अशा वेळी हँडलशेजारचं किल्लीचं भोक आठवतं. रिमोटच्या सवयीने त्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं. या भोकाला शंभर वर्षांची कुळी आहे, आणि ते आजवर टिकलं ते गाड्या बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून टिकवलं म्हणून.

सुरुवातीच्या मोटारींना कुलूप नव्हतंच. वर कापडी छत, बाजूला कमरेएवढी दारं. हात आत घालून कुणीही उघडू शके. इंजिन हँडल मारून सुरू करायचं, त्यामुळे बॅटरीवाचून फारसं अडतही नसे. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ-स्टार्टर आला आणि बॅटरी गाडीचा प्राण झाली. दहा वर्षांनी, 1922 मध्ये, हडसन कंपनीने एसेक्स कोच ही बंद गाडी आणली आणि ती पुढे इतकी स्वस्त केली की उघड्या गाड्या मागे पडल्या. पक्कं छत आणि चहूबाजूंनी काचा आल्यावर दाराला कुलूप घालण्याला खरा अर्थ आला.

कुलपाची कल्पना मात्र घराच्या दारातून आली. लायनस येल (धाकटे) यांनी 1861 मध्ये अमेरिकेत चपट्या किल्लीच्या कुलपाचं पेटंट घेतलं. मोटारीत बसलं ते त्याच घराण्यातलं, खिट्ट्यांऐवजी पातळ पत्र्यांचं कुलूप. किल्ली आत सरकवली की या पत्र्या तिच्या दातांप्रमाणे वर-खाली होतात. प्रत्येक पत्रीला इवलीशी स्प्रिंग असते. किल्ली चुकीची असेल तर एखादी पत्री बाहेर डोकावत राहते आणि आतलं नळकांडं अडतं. किल्ली बरोबर असली की सगळ्या पत्र्या एका पातळीत येतात, नळकांडं फिरतं, त्याच्या शेपटाकडची पट्टी फिरते, पट्टी दाराच्या पोटातली सळई ओढते आणि सळई लॅचची अडकण काढते. मग हँडल ओढलं की दार उघडतं. या साखळीत विजेचा एक थेंबही लागत नाही. बॅटरी बसलेल्या गाडीत शिरण्याची सगळी कथा या सळईभोवती फिरते.

बॉनेटची गोष्ट उलट दिशेने गेली. जुन्या गाड्यांचं बॉनेट बाहेरूनच, कडेच्या खटक्यांनी किंवा चामडी पट्ट्यांनी बांधलेलं असे. बॅटरी आणि इंजिनाचे सुटे भाग चोरीला जाऊ नयेत म्हणून खटका आत घेतला गेला. चोरीला आळा बसला, पण बॅटरीपर्यंत पोचण्याचा रस्ता दाराच्या कुलपातून जाऊ लागला. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर बॅटरीच मागच्या सीटखाली होती. तिथे दार उघडल्याशिवाय जंपर केबल लावण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या कुलपाचा विजेशी संबंध नव्हता. बॅटरी बसली तर गाडी ढकलून सुरू करायची. दार उघडण्याची चिंता पडे ती किल्ली आत राहिली तरच. मग कुणीतरी लोखंडी फूटपट्टी घेऊन येई. काचेच्या बाहेरच्या रबरातून ती खाली सरकवायची, अंदाजाने सळई शोधायची आणि हलकेच रेटायची. काच बोटभर उघडी असेल तर वाकवलेली तार आत घालून काचेच्या कडेचं बटण वर ओढायचं. बटणाचं डोकं भुछत्रासारखं रुंद होतं, म्हणून तारेचा फास त्यात अडके. कारखानदारांनी ते डोकं निमुळतं आणि गुळगुळीत केलं, फास निसटू लागला. पुढे दारात वायरी आणि काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सर आले, तेव्हा फूटपट्टी धोक्याची ठरली.

दाराला वीज लावण्याचा प्रयत्न मात्र फार जुना. डेट्रॉइटच्या स्क्रिप्स-बूथ कंपनीने 1914 मध्येच विजेची कुलपं बसवून पाहिली. कल्पना रुजली नाही. 1956 मध्ये पॅकार्डने ती पुन्हा आणली आणि महागड्या गाड्यांत ती हळूहळू स्थिरावली. मर्सिडीजने 1976 च्या डब्ल्यू 123 मालिकेत वेगळीच वाट काढली. इंजिन चालताना तयार होणारं निर्वात एका टाकीत साठवायचं आणि नळ्यांनी दारांपर्यंत न्यायचं. चालकाच्या दारात किल्ली फिरवली की तिथली झडप उघडे आणि बाकीची दारं एकदम मोकळी होत. टाकीत निर्वात शिल्लक असेतोवर बॅटरी पार बसलेली असली तरी हे चाले. सोय आणि भरवसा एकत्र नांदू शकतात, हे या नळ्यांनी दाखवून दिलं.

1982 मध्ये रेनो फ्युएगोवर इन्फ्रारेड रिमोट आला. त्यामागे पॉल लिपशुट्झ या तंत्रज्ञाचं डोकं होतं. तिथून किल्ली खिशातच राहू लागली. आपल्याकडे मारुती 800 सारख्या गाड्यांना लोकांनी ॲक्सेसरीच्या दुकानात सेंट्रल लॉकिंग बसवून घेतलं. तिथला मेकॅनिक दाराचं पॅनेल काढून मूळ सळईलाच एक छोटी मोटर जोडतो. किल्लीची वाट तशीच राहते. मोटर फक्त तीच सळई दुसऱ्या टोकाने ओढते. म्हणून अशा गाडीत बॅटरी बसली तरी किल्लीने दार उघडतं.

पुढे कंपन्यांनी भोकं कमी केली. आधी डाव्या दारातलं गेलं, मग डिकीचं. 2005 च्या कॉर्व्हेटच्या तर दाराला बाहेरून किल्लीच लागत नाही. बटणाने उघडणारं विजेचं लॅच. तरी मागच्या नंबरप्लेटच्या वर एक भोक राखून ठेवलं. किल्लीने मागचं झाकण उघडायचं, आत हात घालून एक पट्टी ओढायची, की चालकाचं दार सुटतं. आतल्या माणसासाठी सीटजवळ जमिनीवर एक लीव्हर आहे. ते ठाऊक नसल्याने बॅटरी गेलेल्या गाडीत माणूस अडकून दगावल्याची घटना अमेरिकेत घडली. वाट ठेवणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ती माहीत असणं.

पोर्श 911 च्या 997 मालिकेत दार किल्लीने उघडतं, पण बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचा खटका विजेचा. त्यावरही उपाय करून ठेवलाय. आतल्या फ्यूज-बॉक्समधलं एक टर्मिनल बाहेर ओढायचं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस लावायचा, मायनस दाराच्या चौकटीतल्या लोखंडी कडीला, आणि बटण दाबायचं.

या सगळ्या वाटा मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या असतात, पण वापराविना बुजतात. वर्षानुवर्षं किल्ली न लावलेल्या कुलपात धूळ साचते, ग्रीस वाळतं आणि पत्र्या चिकटतात. मग ऐन वेळी जोर लावला की किल्लीच पिळवटते. सेकंडहँड गाडीत आणखी एक घोळ असतो: इग्निशनचं कुलूप कधीतरी बदललेलं, त्यामुळे दाराची किल्ली वेगळी, आणि ती आधीच्या मालकाकडेच राहिलेली. म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन ऐकण्याआधी चालकाच्या दारात किल्ली फिरवून पाहावी. फिरत नसेल तर ते कुलूप दुरुस्त करून मागावं. त्यानंतर महिन्यातून एकदा दार रिमोटऐवजी किल्लीने लावावं आणि उघडावं. किल्ली जड जात असेल तर तेल ओतू नये, त्यावर धूळ बसते. चिमूटभर ग्रॅफाइटची पूड पुरते. रिमोटच्या आत पातं दडवलेलं असेल तर ते कसं निघतं हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावं. एवढं केलं तर बसलेली बॅटरी ही नुसती बसलेली बॅटरी राहते, गाडी मालकाला परकी होत नाही.