वऱ्हाडातील कुष्ठरोग : बहिष्कारापासून उपचारांपर्यंत

कुष्ठरोग हा त्वचेचा आणि नसांचा संसर्गजन्य आजार आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथे स्पर्श कळत नाही. दुखत नसल्यामुळेच रोगी उशिरा दवाखान्यात येतो. पूर्वी तोपर्यंत बोटे वाकलेली असत आणि गावाने वाट वेगळी केलेली असे. अमरावती-अकोला भागात, म्हणजे वऱ्हाडात, या आजाराचा इतिहास औषधांइतकाच या वेगळेपणाचाही आहे.

चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. आज निराळे मानले जाणारे अनेक त्वचारोग त्यांत एकत्र येतात. लोकांमध्ये मात्र ‘महारोग’ म्हणजे मागच्या जन्मीचे पाप किंवा घराण्याला लागलेला दोष, अशीच समजूत होती. नॉर्वेच्या आर्माउअर हान्सेन यांनी 1873 मध्ये या रोगाचा जंतू शोधला आणि आनुवंशिकतेची कल्पना मोडीत निघाली. तरीही भीती गेली नाही, उलट संसर्गाच्या नावाने तिला नवा आधार मिळाला. ब्रिटिश सरकारच्या 1898 च्या कायद्याने व्रण असलेल्या निराधार रोग्याला पकडून आश्रमात ठेवता येई. हा कायदा लागू असलेल्या भागात रोग्याला खाद्यपदार्थ विकण्यास आणि सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास मनाई करता येत असे.

वऱ्हाडात संघटित शुश्रूषेची सुरुवात मिशनऱ्यांनी केली. मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूरजवळच्या कोठारा येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुष्ठाश्रम उभा राहिला. कोरकूंमध्ये काम करण्यासाठी आलेल्या मिशनने तो काढला होता. त्या काळी हाताशी असलेले मुख्य औषध म्हणजे चालमोगऱ्याचे तेल. त्याच कुळातल्या कडू कवठाचे तेल आयुर्वेदात तुवरक म्हणून आधीपासून ठाऊक होते. पोटात घेतले तर मळमळ होई, टोचले तर वेदना होत, आणि गुणाची खात्री नसे. त्यामुळे आश्रमात उपचारापेक्षा जखमा धुणे, अन्न आणि निवारा यांनाच महत्त्व होते.

अमरावतीतील होमिओपॅथ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये शहराबाहेर तपोवन उभारले. दाजीसाहेब या नावाने ओळखले जाणारे पटवर्धन स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते होते. विदर्भ महारोगी सेवा मंडळ या संस्थेमार्फत तपोवनाचा कारभार चाले. भीक मागून जगणाऱ्यांना तिथे शेती, सुतारकाम, विणकाम असे उद्योग मिळाले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 पासून अशाच पद्धतीने काम चालवले होते, तर वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन तपोवनानंतर आकाराला आले. पटवर्धनांना 1959 मध्ये पद्मश्री मिळाली. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले.

तपोवन सुरू झाले त्याच दशकात डॅप्सोन हे खरे गुणकारी औषध भारतात आले. गोळी स्वस्त होती, पण ती अनेक वर्षे घ्यावी लागे आणि पुढे जंतू तिला दाद देईनासे झाले. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार सुचवला. पाच किंवा कमी चट्टे असलेल्यांना रिफॅम्पिसिन व डॅप्सोन सहा महिने, जास्त चट्टे असलेल्यांना तिन्ही औषधे आधी दोन वर्षे आणि नंतर एक वर्ष, अशी पद्धत रूढ झाली. क्लोफाझिमिनने कातडी काळपट पडते. उपचार संपल्यावर रंग हळूहळू पूर्ववत होतो. औषध सुरू होताच रोग्यापासून संसर्ग पसरणे लवकर थांबते, त्यामुळे त्याला आश्रमात ठेवण्याचे कारणच उरले नाही.

निदानाची पद्धत साधी आहे. रोग्याला डोळे मिटायला सांगून चट्ट्याला कापसाचा बोळा किंवा पेनाचे टोक लावतात आणि स्पर्श कुठे झाला ते विचारतात. कोपराच्या मागची नस चाचपून जाड झाली आहे का ते पाहतात. गरज पडल्यास कानाच्या पाळीतला द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बोटे जंतूमुळे थेट झडत नाहीत. बधिर हाताला तवा पोळलेला कळत नाही, बधिर तळव्यात पऱ्हाटीचा खुंट घुसला तरी समजत नाही, आणि जखमा चिघळत जातात. म्हणून मऊ रबराची चप्पल आणि रोज हातपाय तपासण्याची सवय हाही उपचाराचाच भाग असतो.

डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. रोग मात्र संपला नाही, आणि लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जात असल्याने नवे रुग्ण आजही सापडतात. त्यांच्यासाठी आशा स्वयंसेविका घरोघरी तपासणी करतात, आणि सरकारी आरोग्य केंद्रांत औषध मोफत मिळते. 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. 2019 मध्ये घटस्फोटाच्या कारणांतूनही कुष्ठरोग वगळण्यात आला.