बोरूपासून झरणीपर्यंत

मराठीत एखाद्या कामाला सुरुवात झाली की आपण 'ओनामा झाला' म्हणतो. हा शब्द 'ॐ नमः सिद्धम्' या वाक्यावरून आलेला आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल आलं की धूळपाटीवर बोटानं आधी हे वाक्य गिरवायचं आणि मग अ-आ-इ-ई. सिद्धांना केलेला हा नमस्कार आम्हा जैनांच्या कानाला घरचा वाटतो, पण तो गिरवणारी मुलं काही जैनच असत असं नाही. धुळाक्षरांची एक मोठी सोय होती. चुकलं तर हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. हाताला वळण लागेपर्यंत ना कागद खर्ची पडे, ना शाई.

आता मुलाचं अक्षर बिघडलं की आई-वडील आधी दुकान गाठतात. 'याला शाईचं पेन घेऊन द्या, अक्षर सुधारेल,' हा सल्ला आमच्या बेळगावात मिळतो तसा इंदूर-वडोदऱ्यातही मिळतो. सल्ला अगदीच खोटा नाही. पण अक्षर पेनानं सुधारतं की आणखी कशानं, हे पाहायचं तर पेन नव्हतं तिथपासून सुरुवात करायला हवी.

अक्षर कसं असावं हे मराठीत समर्थ रामदासांइतकं नेमकं क्वचितच कुणी सांगितलं असेल. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं, शाई काळीभोर असावी. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं, जणू सगळं एकाच टाकानं लिहिलं आहे. ओळीला ओळ लागू नये. पानाच्या कडेला मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि तरुणपणी डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. यातली एकही गोष्ट लिहिणाऱ्याच्या हौसेची नाही. सगळ्या वाचणाऱ्याच्या सोयीच्या आहेत.

त्या काळचं लेखनाचं हत्यार म्हणजे बोरू. ओढ्याकाठच्या बोरूच्या गवताची कांडी घ्यायची, चाकूनं टोक तिरकं छाटायचं, मधोमध चीर द्यायची, की झाली लेखणी. देवनागरी अक्षराला जो जाड-बारीकपणा दिसतो तो या तिरक्या छाटीनं दिला. रोमन लिपीसाठी टोक ज्या बाजूला उतरतं छाटतात त्याच्या उलट बाजूला देवनागरीचा बोरू छाटावा लागतो. म्हणून इंग्रजी सुलेखनाची तयार निबं आणून मराठी लिहायला बसलं की अक्षर उलटं फुगतं, जाड हवं तिथं बारीक आणि बारीक हवं तिथं जाड. अशा वेळी हाताला दोष देण्याचं कारण नाही.

बोरूनं दोन प्रकारचं लिहिणं चाले. पोथीसाठी बाळबोध, एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत. दफ्तरासाठी मोडी. मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग त्या रेघांना लोंबकळत, लेखणी शक्यतो न उचलता, झरझर लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. कारकुनाला वेग हवा होता आणि पलीकडे वाचणाराही कारकूनच होता, त्यामुळे हे खपून जाई. आमच्या भागातल्या मिरज, सांगली, कुरुंदवाड, जमखंडी अशा पटवर्धनी संस्थानांचं दफ्तर मोडीतच चाले. पुढे स्वातंत्र्याच्या आगेमागे शाळेतून आणि कचेरीतून मोडी गेली. आज सीमाभागात कितीतरी घरांत जमिनीचे, वाटणीचे कागद ट्रंकेत आहेत आणि ते घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत. मोडीवाचक शोधायचा, पैसे द्यायचे, तेव्हा कळतं की आपल्या आजेसासऱ्यांनी काय लिहून ठेवलंय. नीट लिहिलेलंसुद्धा असं मुकं होतं, तर गिचमिड लिहिलेल्याचं काय होत असेल!

बोरूच्या मागून टाक आला. लाकडी दांडी आणि तिला खोचलेलं पोलादी निब. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये ही निबं यंत्रावर मोजदादीपलीकडे निघू लागली आणि तिथून जगभर गेली. छाटायचा त्रास संपला, बुडवायचा राहिला. दोन-चार शब्द झाले की पुन्हा दौत. ही खेप वाचवली फाउंटन पेननं. मराठीत त्याला 'झरणी' असं गोड नावही काढलं गेलं, पण बोलण्यात काही ते रुळलं नाही. आपण शाईचं पेनच म्हणतो. अशी पेनं आधीही होती, पण ती मधेच भळभळत किंवा आटत. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमननं १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते निबाखालच्या जिभेचं. तिच्या बारीक खाचांतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. हा देवाणघेवाणीचा हिशेब जमला म्हणून पेन खिशात ठेवण्याजोगं झालं.

या पेननं शाईही बदलायला लावली. जुनी शाई काजळाची. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली. ही शाई झरणीत भरली तर खाचा बुजतात आणि पेन बसतं. म्हणून तिच्यासाठी पाण्यात पूर्ण विरघळणारी, रंगाची पातळ शाई आली. त्यात आपण एक गोष्ट गमावली. काजळी उन्हानं विटत नाही, म्हणून शेकडो वर्षांच्या पोथ्या अजून काळ्याभोर आहेत. साध्या निळ्या शाईची पत्रं मात्र उजेडानं फिकी पडतात आणि पाण्याचा थेंब पडला तर पसरतात. निळी-काळी म्हणून जी टिकाऊ शाई मिळे तिच्यात लोखंडाचा अंश असायचा. लिहिताना निळी दिसणारी ती हवेनं काळी पडत जाई. आम्लाची ही शाई साध्या पोलादाला खाई, म्हणूनच चांगल्या पेनचं निब सोन्याचं करीत, चैनीखातर नव्हे.

आपल्याकडे पेनाबरोबर स्वदेशीचा वाराही आला. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या आणि गोळ्या काढल्या. पाण्यात गोळी विरघळवली की दौत भरली. याच धंद्यातून पुढे 'कॅमल' शाई आणि कॅम्लिन हे घराघरातलं नाव उभं राहिलं. त्याच काळात गांधीजींनी आत्मकथेत आपल्या खराब अक्षराबद्दल उघड खंत लिहिली. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या वकिलांची आणि तरुणांची मोत्यासारखी अक्षरं पाहून त्यांना लाज वाटली, सुधारायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. मुलांना अक्षर शिकवण्याआधी चित्रं काढायला शिकवा, म्हणजे अक्षर आपोआप घोटीव येईल, असं त्यांचं मत. पक्षी, फूल जसं पाहून काढायचं तसंच अक्षरही पाहून काढायचं. मला वाटतं, कित्ता गिरवण्याचं मर्मही तेच आहे. हात आधी सुधारत नाही, नजर सुधारते.

चांगल्या अक्षराचा खरा कस कुठे लागतो? दुसऱ्या कुणी ते वाचून उतरवून घ्यायला बसलं की. याची एक गोष्ट आमच्या समाजात जुनी मंडळी सांगत असत आणि ती मिरजेशी जोडलेली आहे. कर्नाटकातल्या मूडबिद्रीत षट्खंडागमावरची 'धवला' ही नवव्या शतकातली टीका ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, जपून ठेवलेली होती. लोक दर्शन घेत, वाचत कुणी नसे. ताडपत्रं झिजत होती. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांनी खटपट केली आणि १८९६ च्या सुमारास ती उतरवून घ्यायचं काम सुरू झालं. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय नागरीत लिहू लागले. ब्रह्मसूरी मधेच वारले, गजपतींनी काम पुढे नेलं. धवला आणि जयधवला पुऱ्या व्हायला सोळा वर्षं लागली. सगळे ग्रंथ दोन्ही लिप्यांत उतरेपर्यंत १९२२ उजाडलं.

ही नक्कल मूडबिद्रीबाहेर जायची नाही, अशी तिथल्या मंडळींची इच्छा. पण गजपतींनी गुपचूप आणखी एक प्रत कन्नडमध्ये करून घेतली, आणि त्या कामात मोठा हात होता त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा. त्या शिकलेल्या होत्या आणि ग्रंथ लोकांनी वाचावा अशी त्यांची तळमळ होती. ती प्रत सहारनपूरला गेली. तिथे तिच्यावरून १९१६ ते १९२३ या काळात पुन्हा नागरी नक्कल झाली, तिच्यावरून आणखी नकला झाल्या आणि अखेर १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापून काढला. सगळे सोळा खंड निघायला आणखी वीसेक वर्षं गेली. गुपचूप नक्कल करणं बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण संपादकांपुढे मूळ ताडपत्र नव्हतं. त्यांच्यापुढे होती हातानं लिहिलेल्यावरून हातानं लिहिलेली प्रत. लक्ष्मीबाईंचं अक्षर गिचमिड असतं तर सहारनपुरात काय उतरलं असतं? या साखळीत एक हात घाईचा निघाला की पुढचे सगळे तीच चूक इमानदारीनं पुढे नेतात. नकलाकाराला काही नवं लिहायचं नसतं, फक्त पुढच्याला वाचता येईल असं लिहायचं असतं. बायकांचं असं किती काम नावाविना पोथ्यांत पडलं असेल. लक्ष्मीबाईंचं निदान नाव राहिलं.

आता शाईच्या पेनकडे परत येऊ. ते अक्षर सुधारतं का? बॉलपेनची शाई दाट. ते दाबून आणि उभं धरून चालवावं लागतं, त्यानं बोटं आखडतात. शाईचं पेन दाब मागतच नाही. हलकं धरा, थोडं कलतं धरा, निबाची बाजू तीच ठेवा, की ते वाहतं. दाबलं तर निब फाकतं, वाकडं फिरवलं तर कागद खरवडतो. म्हणजे हे पेन पंतोजीसारखं आहे. छडी मारत नाही, पण चुकलं की लगेच अडतं. याच कारणानं शाळांतून पुष्कळ वर्षं बॉलपेनला मज्जाव होता. पण झरणीचं टोक गोल, त्यात बोरूची छाट नाही. जाड-बारीकपणाची मदत गेली, उरलं फक्त वळण. ते हातालाच आणावं लागतं.

त्यासाठी फार काही लागत नाही. रोज एक पान पुरे. देवनागरी अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला टांगलेलं असतं, हे लक्षात ठेवा. इंग्रजीसारखं खालच्या रेघेवर उभं केलं की उंची कमीजास्त होते. वरच्या रेघेपासून सोडत या, ओळ आपोआप सरळ येते. मग एकमेकांत मिसळणारी अक्षरं निवडून काढा. घ-ध, भ-म, थ-य, प-ष. यांतला फरक एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा असतो आणि घाईत तीच आधी जाते. ख जुन्या पद्धतीनं सुटा लिहिला की रव होतो, 'खाना' लिहिलेलं 'रवाना' वाचलं जातं. छापील ख चे दोन्ही पाय खाली जोडले गेले ते याचसाठी. शब्दांत अंतर ठेवा, कडेला जागा सोडा. ठेवायचा कागद असेल तर टिकाऊ शाई घ्या.

एवढं कुणासाठी करायचं, असं विचारतात. लोणच्याचं प्रमाण, हातउसने दिलेले पैसे, औषधाच्या वेळा, मृत्युपत्राचा कच्चा खर्डा, हे सगळं अजून आपण हातानंच लिहितो. आणि ते वाचायची वेळ येते तेव्हा बहुतेकदा आपण विचारायला हजर नसतो. वाचणाऱ्याला आपला चेहरा ठाऊक नसेल, आवाज ठाऊक नसेल. त्याच्याकडे फक्त आपलं अक्षर असेल. पेन कुठलंही घ्या. लिहिताना तेवढा तो वाचणारा डोळ्यांपुढे असू द्या.