शेजारतीची पेटी

कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या पट्ट्यातल्या भजनी मंडळांच्या पेट्या मी सुरात लावतो. हल्ली पेटी घेऊन येणारी पोरं 'बायनॉरल बीट्स'बद्दल विचारतात. इअरफोन लावून ते ऐकलं की झोप लागते म्हणे. मी त्यांना आधी पेटीचं झाकण उघडून दाखवतो.

आत एकाच स्वराच्या दोन पितळी पात्या असतात. एक सेकंदाला 277 वेळा कापली आणि दुसरी 279 वेळा, तर आवाज सेकंदातून दोनदा फुगतो, दोनदा ओसरतो. पातीचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. हेलकावा मंदावत जातो आणि थांबला की सूर जुळला. माझं सगळं काम या हेलकाव्यावर कान ठेवून चालतं.

1841च्या सुमारास हाइनरिश डोव या जर्मन शास्त्रज्ञाने या हेलकाव्याचं एक नवलच दाखवून दिलं. दोन जवळचे स्वर दोन कानांना वेगवेगळे ऐकवले, म्हणजे ते हवेत भेटतच नाहीत, तरी हेलकावा ऐकू येतो. तो डोक्यात तयार होतो. त्याच काळात पॅरिसमध्ये दबँ हार्मोनियमचं पेटंट घेत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याची पेटी घडवली आणि जमिनीवर बसून गाणाऱ्यांची सोय झाली. डोवचा शोध मात्र बराच काळ मागे पडून होता. 1973 साली जेराल्ड ऑस्टर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यावर लिहिलं आणि त्यानंतर तो विश्रांतीच्या ध्वनिफितींत शिरला. डाव्या कानात 200, उजव्यात 203. फरक तीनचा, कारण गाढ झोपेत मेंदूच्या लहरी सेकंदाला चारहून कमी असतात. मेंदू त्या फरकामागे खरोखर जातो का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

आवाजाने निजवण्याची आपली रीत याहून पुष्कळ जुनी आहे, आणि ती देवापासून सुरू होते. पहाटे काकड आरतीने उठवायचं, रात्री शेजारतीने निजवायचं. पंढरपुरात आषाढीला विठ्ठलाचा पलंग काढतात, पाठीशी लोड देतात. भक्तांसाठी देव रात्रंदिवस उभा. मग प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात आणि शेज पुन्हा मांडली जाते. देवालाही जागरण बाधतं, हे इतक्या मायेने जाणणारी माणसं मला थोर वाटतात.

आमचं कारंजा नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. इथल्या गुरुमंदिरात 1934 साली निर्गुण पादुका स्थापन झाल्या. तिथली शेजारती ऐकताना मी पेटीवाल्याच्या कानाने ऐकतो. चाल संथ, सूर खालच्या पट्टीत, शब्द रोजचे म्हणून पुढचा आधीच ओठांवर आलेला. एका पोराने मंडळाची शेजारती मोबाइलवर उतरवून घेतली आहे. ती दोन्ही कानांत सारखीच वाजते, म्हणजे डोवचा खेळ तिच्यात नाही, तरी त्याला तिच्यावर झोप लागते. मला तरी याचं कारण ठरलेल्या वेळेत, ओळखीच्या गळ्यांत आणि उतरत्या लयीत दिसतं.

शेजारतीसाठी जी पेटी येते तिच्या दोन पात्यांतला फरक मी पुरता काढत नाही, अगदी संथ हेलकावा राहू देतो. गजानन महाराजांच्या पालखीसोबत मेडशी, शिरपूर, रिसोडच्या वाटेने जाणाऱ्या पेटीत तो अजिबात ठेवत नाही. तिथे टाळ-मृदंगांच्या गजरात सूर कोरा आणि धारदारच लागतो.