साखरेचे सोने

सावंतवाडीच्या चितारआळीत आंबा-केळी लाकडाची मिळतात. संक्रांतीला आपल्याकडे याच्या नेमके उलट होते: नव्या सुनेच्या अंगावर साखरेचे मंगळसूत्र आणि बाजूबंद चढतात. हल्ली केकला फोंडंटची पैठणी नेसवतात, ते पाहून लोक थक्क होतात. पण १५७४ साली व्हेनिसकरांनी फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीपुढे साखरेचे रुमाल मांडले होतेच.

फोंडंट म्हणजे मळून लाटलेली साखर. ती कापड होते, चामडे होते. साखर ओळखू आली की कारागीर हरला. हलव्याचे तसे नाही. परातीत खसखस किंवा साबुदाणा, खाली मंद आच, वरून चमचाभर पाक आणि बोटांनी हलवत राहणे. थरावर थर, काटा फुटेपर्यंत. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटलेच! आकार सोन्याचा, पण काटा साखरेचाच, आणि मिरवायचा तोच. म्हणून तर खाली काळी साडी.

चिताऱ्यांचा माग मी जुन्या लाकडी फळांवरून काढू शकतो. हलवा करणाऱ्या बाईचा कशावरून काढू? तिचे काम पोरांनी खाऊन संपवले. मागे राहतो तो दोरा, पुठ्ठा आणि जरीची तार.