वस्ताद आणि प्रशिक्षक

पारनेर तालुका हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेला प्रदेश. जमीन बहुतेक कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. त्यामुळें पोटापाण्यासाठीं मुंबई गांठण्याची किंवा सैन्यांत शिरण्याची रीत येथें पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. निघोजची मळगंगा आणि पिंपळगांव रोठ्याचा कोरठण खंडोबा यांच्या यात्रा दूरवर प्रसिद्ध आहेत. लहान गांवांच्या यात्रांची तर गणतीच नाहीं. यात्रेच्या अखेरीस कुस्त्यांचा हगामा भरविण्याची चाल नगर जिल्ह्यांत सर्वत्र आढळते. दुपार कलली कीं हलगी वाजूं लागते. प्रथम पोरासोरांच्या रेवड्यांवरील कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम चढत जाते, आणि शेवटची मोठी कुस्ती दिवस मावळतांना लागते. प्रेक्षकांचे डोळे मल्लांवर खिळलेले असतात. परंतु जाणता मनुष्य अधूनमधून आखाड्याच्या कडेकडेहि पाहतो. तेथें फेटा बांधलेला एक वयस्क गृहस्थ उकिडवा बसलेला असतो. तो फारसें बोलत नाहीं. पण त्याच्या एका शब्दानें मातींतला मुलगा हाताची पकड बदलतो. हा त्या मुलाचा वस्ताद.

ह्याच तालुक्यांत अलीकडे पहांटेच्या वेळीं निराळें दृश्य दिसतें. पोलिसांत किंवा सैन्यांत भरती होऊं पाहणारीं मुलें आणि मुली रस्त्याच्या कडेनें धांवत असतात, आणि शिटी घेतलेला एक तरुण त्यांची वेळ मोजीत असतो. हा प्रशिक्षक. वस्ताद शिकवी तें बहुधा दक्षिणेशिवाय. प्रशिक्षक शिकवितो तें फी घेऊन. दोघांचें काम मात्र एकच : दुसऱ्याच्या अंगांतील शक्तीला वळण लावणें. तें काम विद्या कधीं झालें, विद्येचा व्यवसाय कधीं झाला, आणि त्या व्यवसायाची पत कशानें वाढली, हा इतिहास महाराष्ट्रांत मुख्यतः कुस्तीच्या आधारानें सांगतां येतो.

पेशवाईच्या उत्तरकाळांत बाळंभटदादा देवधर यांचें नांव मल्लविद्येंत आणि मल्लखांबांत आदरानें घेतलें जाई. पुढें ही विद्या त्यांच्या शिष्यपरंपरेंतून काशीपर्यंत गेली. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, विद्या गेली ती माणसाबरोबर. ग्रंथ नव्हता, अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती. वस्तादाची योग्यता ठरे ती त्याच्या पठ्ठ्यांच्या जयावरून. वस्ताद मुलाचें घर जाणी, त्याचा खुराक पाही, त्याची झोप आणि संगत यांवर नजर ठेवी. तालमींत पाऊल टाकल्यापासून मुलाचा अर्धा बाप तोच होई. ह्या पद्धतीचें बळ येथेंच होतें, आणि तिची मर्यादाहि येथेंच होती. वस्तादाचा एखादा डाव चुकीचा असला तर तो पिढ्यान् पिढ्या चुकीचाच चाले. कोणाच्या गुडघ्यास कायमची इजा झाली तर तो नशिबाचा भाग ठरे. वस्ताद गेला कीं त्याच्याजवळची अर्धी विद्याहि त्याच्याबरोबर जाई.

राजाश्रयानें ह्या विद्येस वैभव आलें. छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत मल्लांना आश्रय दिला, आणि तेथील खासबाग मैदान १९१२ सालीं उभें राहिलें. परंतु आश्रयानें मल्ल पोसला जातो. शिक्षक घडतोच असें नाहीं. शिक्षक घडविण्याचा विचार दुसऱ्या ठिकाणीं चालला होता. बडोद्यास जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनीं शेंकडों मुलांना एकाच वेळीं कवायत करतां यावी म्हणून देशी भाषेंत हुकूम बसविले. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. पुढें अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ निघालें, आणि हुतुतू, खोखो यांसारखे खेळ गांवोगांव निरनिराळ्या रीतीनें खेळले जात, त्यांना एकच नियमावली देण्याच्या कामाला जोर आला. बडोद्यासच दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ ह्या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड प्रसिद्ध केले. जें ज्ञान आजवर तालमीच्या भिंतींआड होतें, तें प्रथमच कोणाहि वाचकाच्या हातीं पडण्याजोगें झालें. ज्ञान लिहिलें गेलें कीं तें तपासतां येतें, आणि तपासतां आलें कीं सुधारतां येतें. व्यवसायाची पहिली पायरी ती हीच.

दुसरी पायरी शिक्षकाच्या शिक्षणाची. मद्रास येथें १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं वाय. एम. सी. ए. च्या वतीनें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. मुंबई सरकारनें १९३८ सालीं कांदिवली येथें तशीच संस्था सुरू केली. त्यापूर्वीं शाळेंतला तालीममास्तर म्हणजे बहुधा निवृत्त शिपाई किंवा हौशी पहिलवान असे. आतां त्याला शरीररचना, आरोग्य आणि अध्यापनाची रीत शिकूनच मुलांपुढें उभें राहावें लागलें. शाळेंत त्याचा दर्जा लगेच वाढला असें नाहीं. परंतु ‘शिकविणाऱ्यानें आधीं शिकलें पाहिजे’ हें तत्त्व मान्य झालें.

तरीहि ह्या साऱ्या प्रगतींत एक उणीव राहिली होती, आणि ती परदेशांतील मैदानावर उघडी पडली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धांवणारे खेडुत पाहून सर दोराबजी टाटांच्या मनांत हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना आली, आणि १९२० सालीं अँटवर्पला एक लहानसा संघ गेला. बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्यें १९ वे आले, आणि कुस्तींत रणधीर शिंदे चौथ्या स्थानापर्यंत पोंचले. अंगांत कस होता, जिद्द होती. पण त्या स्पर्धेसाठीं तयार करणारा कोणी जाणकार शिक्षक पाठीशीं होता असें म्हणवत नाहीं.

अठ्ठावीस वर्षांनीं तीच गोष्ट पुन्हां घडली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला गेले, तेव्हां गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती. मातींतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. गादीवर वेळेचें बंधन, गुणांची मोजणी आणि पकडींचे निराळे नियम. लंडनमध्यें रीस गार्डनर ह्या अमेरिकन मल्लानें त्यांना थोडे दिवस मार्गदर्शन केलें, आणि तेवढ्या शिदोरीवर ते फ्लायवेट गटांत सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यासाठीं त्यांनीं गांवोगांव वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले, असें सांगतात. ह्या वेळीं खाशाबांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण त्या पदकाच्या कथेंतला एक प्रसंग ह्या विषयाच्या दृष्टीनें पदकाइतकाच महत्त्वाचा आहे. जपानच्या शोहाची इशीशीं दीर्घ झुंज देऊन खाशाबा बाहेर पडतात न पडतात तोंच त्यांना सोव्हिएट मल्ल राशिद मामादबेयोव्ह याच्याशीं लढण्यास बोलावण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. परंतु तो पंचांपुढें मांडण्यास भारताचा कोणीहि अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता, असा वृत्तांत आहे. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. पदकाचा रंग त्या अर्ध्या तासानें बदलला असता कीं नाहीं, हें कोणी सांगूं शकणार नाहीं. पण प्रशिक्षक कशासाठीं लागतो, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या रिकाम्या जागेंत मिळतें. डाव शिकविणें हें त्याच्या कामाचें एक अंग. शिष्याच्या वतीनें नियम जाणणें आणि तो थकलेला असतां त्याच्यासाठीं बोलणें हें दुसरें.

सरकारला ह्याची जाणीव हळूहळू झाली. १९५३ सालीं राजकुमारी अमृत कौर यांच्या नांवानें प्रशिक्षणाची योजना निघाली, आणि १९६१ सालीं पतियाळा येथें मोतीबाग राजवाड्यांत राष्ट्रीय क्रीडासंस्था सुरू झाली. येथें खेळाडूला नव्हे, तर प्रशिक्षकाला शिकवावयाचें होतें. स्नायूंचें कार्य, थकवा, आहार, मनाची घडण, सरावाची वर्षभराची आंखणी हे विषय पदविकेच्या अभ्यासांत आले. ‘पतियाळा झालेला’ हा शब्दप्रयोग क्रीडाजगतांत रूढ झाला; त्यांत जुन्या वस्तादांचा थोडा उपहास होता आणि नव्या पिढीचा थोडा अभिमानहि. १९८५ सालीं केंद्र सरकारनें प्रशिक्षकांसाठीं द्रोणाचार्य पुरस्कार ठेविला, आणि पहिल्याच वर्षीं कुस्तीसाठीं तो भालचंद्र भास्कर भागवत यांना मिळाला. पुढें क्रिकेटचे रमाकांत आचरेकर यांना १९९० सालीं आणि खोखोचे गोपाळ पुरुषोत्तम फडके यांना २००० सालीं तो लाभला.

ह्या घडामोडींत जुनें सर्वच टाकून दिलें गेलें असें मात्र नाहीं. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकून आले, आणि पुढें पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत त्यांनीं मल्ल घडविले. माती आणि गादी ह्या दोन्हींची भाषा जाणणारे असे वस्ताद हाच दोन युगांमधला पूल होय. ज्या तालमींनीं असा पूल बांधला त्या टिकल्या. ज्यांनीं नाकारला त्यांपैकीं कित्येकींच्या हौद्यांतली माती आज वाळून गेली आहे.

ह्या इतिहासाचा अलीकडचा टप्पा कुस्तीबाहेरचा आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारांत ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास खाशाबांनंतर ७२ वर्षें लागलीं. ह्या वेळीं मात्र खेळाडू एकटा नव्हता. नाशिकच्या क्रीडाप्रबोधिनींत त्यांचें प्राथमिक शिक्षण झालें होतें, आणि त्यांच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे ह्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें खेळलेल्या नेमबाज होत्या. त्यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ज्या विद्येच्या दारांत एके काळीं स्त्रीला पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, तिचा सर्वोच्च मान एका स्त्रीला मिळावा, हीहि दर्जा वाढल्याचीच खूण होय.

तथापि पुरस्कार आणि पदविका यांनीं सारें साधलें असें मानणें भोळेपणाचें होईल. २०२५ च्या आरंभीं अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हां पंचांच्या निर्णयावरून आखाड्यांतच वाद पेटला, आणि कुस्तीपेक्षां त्या वादाचीच चर्चा अधिक झाली. निर्णय बरोबर कीं चूक, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी पराभव कसा सोसावा आणि तक्रार कोणत्या वाटेनें मांडावी, हेंहि शिकवावें लागतें. तें कोणत्याहि प्रमाणपत्रावर लिहिलेलें नसतें.

पारनेरच्या रस्त्यावर पहांटे धांवणाऱ्या मुलांच्या बाबतींत तर प्रश्न अधिक निकडीचा आहे. ऑलिंपिकचा खेळाडू पतियाळाच्या पदवीधारकाकडे शिकतो. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी भरतीसाठीं ज्याच्या हातीं वर्षभर सोंपविली जाते, त्याच्या योग्यतेची चौकशी बहुधा कोणी करीत नाहीं. फलक लावला कीं संस्था निघाली, अशीच पुष्कळ ठिकाणीं स्थिति आहे. भरतीला वयाची मर्यादा असते. चुकीच्या सरावानें नडगीचें हाड दुखावलें तर त्या मुलीचें एक वर्ष जातें, आणि वर्षाबरोबर कदाचित् संधीहि. म्हणून फी भरण्यापूर्वीं पालकानें कांहीं साधे प्रश्न विचारावेत. शिकविणारा स्वतः कोठें शिकला? इजा झाल्यास तो काय करतो? मुलींसाठीं कोणती व्यवस्था आहे? गेल्या वर्षीं ज्यांची निवड झाली नाहीं, त्यांचें पुढें काय झालें हें त्याला ठाऊक आहे काय?

ह्यांतला शेवटचा प्रश्न जुन्या वस्तादाला विचारण्याची गरज पडत नसे. हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं पहांटे तालमींत आला नाहीं, तर वस्ताद त्याच्या घरीं जाई. पतियाळाचें शास्त्र आणि वस्तादाची ही फेरी, दोन्ही एकाच माणसाच्या ठायीं असतील, त्या दिवशीं ह्या व्यवसायाचा दर्जा खऱ्या अर्थानें वाढला असें म्हणतां येईल. तोंवर हगाम्याच्या कडेला उकिडव्या बसलेल्या त्या फेटेवाल्याकडे पाहतांना, आणि शिटी घेतलेल्या त्या तरुणाकडेहि पाहतांना, त्यांच्या हातांत दुसऱ्याच्या मुलाचें एक वर्ष आहे, एवढें ध्यानांत ठेवणें उचित होय.